वाचकांचे प्रश्न : नोकरी हिशेबाची, सेवाही हिशेबाचीच

या वेळच्या पत्रांत बहुतेक जण हिशेबाच्या धंद्यातलेच आहेत. काही नुकतेच लागलेले, काही निवृत्त. आपले कौशल्य एखाद्या सेवाभावी संस्थेच्या कामी यावे, ही इच्छा सगळ्यांची आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत, उत्तरे मात्र प्रश्नाच्या वजनाप्रमाणे लहानमोठी आहेत.

ऑडिट फर्ममध्ये माझे दुसरे वर्ष चालू आहे. एका वाचनालयाने हिशेब सांभाळाल का, असे विचारले आहे. हो म्हणावेसे वाटते, पण हंगामात मला रविवारही मिळत नाही. किती वेळ धरावा, आणि नेमके कोणते काम घ्यावे?

वेळ व्हाउचर मोजून ठरवा. संस्था किती आवडते यावर तो ठरवू नका. महिन्याला पन्नास-साठ व्हाउचर असतील आणि कागद जागच्या जागी मिळत असतील, तर नोंदींना तीन-चार तास, बँक जुळवणीला (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहायला) एक-दीड तास आणि कार्यकारिणीसाठी एक पानी तक्ता करायला एखादा तास लागतो. म्हणजे महिन्याला साधारण सहा तास. पहिले दोन-तीन महिने दुप्पट धरा, कारण त्या काळात हिशेब लिहिण्यापेक्षा कागद शोधण्यातच जास्त वेळ जातो.

होकार देण्याआधी पाच गोष्टी मागा : मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद, शेवटच्या तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, बँकेत सहीचे अधिकार कोणाकोणाला आहेत त्याची यादी, संस्थेची घटना आणि वापरात असलेल्या पावती पुस्तकांचे क्रमांक. आठवड्याभरात हे हाती आले तर संस्था नीट चालली आहे असे समजा. पावती पुस्तकांची यादीच कोणाकडे नसेल, तर तुमचे पहिले काम तीच करण्याचे आहे. त्याआधी हिशेबाला हात लावू नका. छापलेली किती, वाटलेली किती, परत आलेली किती हे जिथे माहीत नसते, तिथे जमा बाजू पूर्ण आहे असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग एका पानावर कामाचा करार लिहा. वकिली भाषेची गरज नाही. मी काय करणार, काय करणार नाही (चेकवर सही, रोकड बाळगणे, देणग्या गोळा करणे), कागद महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत मिळाले पाहिजेत, हंगामाचे कोणते महिने माझे काम बंद राहील आणि ही जबाबदारी किती काळासाठी आहे, एवढेच. मुदत एक वर्षाची ठेवा. मुदत न ठरवता घेतलेली सेवा दोन वर्षांनी ओझे होते, मग माणूस फोन उचलणे टाळू लागतो आणि संस्थेचे हिशेब सहा-सहा महिने पडून राहतात. कबूल केलेले दोन तास दर महिन्याला नेमाने देणारा स्वयंसेवक संस्थेला जास्त उपयोगी पडतो. उत्साहात दहा तास कबूल करणारा चौथ्या महिन्यात दिसेनासा होतो.

नोंदींचे काम घेणे जमणारच नसेल, तर फक्त बँक जुळवणी घ्या. लहान संस्थेत सगळ्यात आधी हेच काम मागे पडते, आणि नोंदी करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने ते केलेले केव्हाही बरे.

आमची फर्म ज्या संस्थेचे ऑडिट करते, तीच मला खजिनदार व्हा म्हणते आहे. मी त्या ऑडिटच्या चमूत नाही. चालेल का?

नाही. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेनुसार फर्मच्या भागीदाराने किंवा कर्मचाऱ्याने त्या फर्मच्या ऑडिट-अशिलाच्या संस्थेत संचालक वा पदाधिकारी होता येत नाही, मग तो चमूत असो वा नसो. आपणच केलेले काम आपणच तपासण्याचा धोका आणि स्वहिताचा धोका, ही दोन कारणे त्यामागे आहेत. पद मानद आहे, मोबदला नाही, या सबबीने काही बदलत नाही. दुसरी संस्था निवडा. फर्म तिचेही ऑडिट करत नाही ना, हे विचारून घ्या आणि आपण काय करतो आहोत ते फर्मला लेखी कळवून ठेवा. तोंडी परवानगी पुढे कोणाच्याच आठवणीत राहत नाही.

आमच्या संस्थेची तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा तक्ता) जुळते, पण बँक जुळत नाही. कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) बँकेची शिल्लक ८४,३५० आहे, स्टेटमेंटवर ९१,६२०. न वटलेले चेक दोन : ६,५०० आणि १,४००. बँकेने ९० आकार लावला आहे, तो आम्ही लिहिलेला नव्हता. तरीही थोडा फरक राहतो. तो किरकोळ खर्चात टाकला तर बिघडेल का?

बिघडेल. पण आधी आकडे मांडू.

स्टेटमेंटवरचे ९१,६२० घ्या. त्यातून न वटलेले ७,९०० वजा केले की ८३,७२० उरतात. कीर्दीतल्या ८४,३५० मधून बँकेचे ९० वजा केले की ८४,२६०. फरक ५४० चा, आणि कीर्द जास्त दाखवते आहे. म्हणजे एखादी जमा फुगवून लिहिली गेली आहे, किंवा एखादा खर्च कमी लिहिला गेला आहे किंवा सुटला आहे. उलट दिशेच्या चुका शोधण्यात वेळ घालवू नका. निम्मे काम इथेच वाचते.

आता शोध. पहिल्यांदा स्टेटमेंटच्या नावे बाजूला, म्हणजे खात्यातून गेलेल्या रकमांत, ५४० ची रक्कम आहे का ते पाहा. असेल तर नोंद सुटली आहे. नसेल तर ५४० चे निम्मे, म्हणजे २७० शोधा. २७० चा खर्च चुकून जमेला पडला की फरक दुप्पट, म्हणजे ५४० दिसतो.

तेही नसेल तर ५४० ला ९ ने भागा. नि:शेष भाग जातो, ६० येतात. हा महत्त्वाचा माग आहे. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले किंवा एक शून्य कमीजास्त झाले, की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. शून्याची चूक असेल तर ६० आणि ६०० ची जोडी शोधा : ६० ची जमा ६०० लिहिली गेली, किंवा ६०० चा खर्च ६०. अंक उलटे झाले असतील, तर फरक शतक आणि दशक स्थानात आहे आणि त्या दोन अंकांत ६ चे अंतर आहे, कारण ९० गुणिले ६ म्हणजे ५४०. असे अंतर असणाऱ्या जोड्या चारच : ० आणि ६, १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९. पावती २,१७० ची आणि नोंद २,७१० ची, असे काहीतरी निघेल. पूर्ण महिन्याच्या नोंदी पुन्हा टिकमार्क करण्याऐवजी या चार जोड्यांवरून बोट फिरवा. दहा मिनिटांचे काम आहे.

तेरीज जुळली तरी ही चूक का राहिली? कारण चुकीचे २,७१० जमा आणि नावे दोन्हीकडे सारखेच पडले. दोन्ही बाजू समान आहेत, एवढेच तेरीज सांगते. त्या खऱ्या आहेत की नाही हे तिला कळत नाही. म्हणून बाहेरच्या कागदाशी, म्हणजे बँकेशी मेळ घालायचा असतो.

आणि किरकोळ खर्चाबद्दल : ५४० हा दोन चुकांच्या वजाबाकीतून उरलेला आकडाही असू शकतो. एकीकडे २०,००० ची जमा दोनदा लिहिली आणि दुसरीकडे १९,४६० चा खर्च दोनदा लिहिला, तरी वर फक्त ५४० दिसतात. फरक लहान म्हणून चूक लहान, असे समीकरण नसते. सापडेपर्यंत तो ‘उचंत खाते’ (उलगडा न झालेल्या रकमांचे तात्पुरते खाते) अशा वेगळ्या नावाने उघडा ठेवा, जुळवणीच्या पत्रकावर तसे लिहा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा शोधा. फरक झाकून टाकला की तो शोधायची आठवणही राहत नाही.

जाता जाता : तुमच्या न वटलेल्या चेकांपैकी एखादा सहा-आठ महिन्यांचा जुना तर नाही ना? तसा असेल तर तो दर महिन्याला पुढे ओढत बसू नका. ज्याला दिला त्याला विचारा. हरवला असेल तर बँकेत तो थांबवा, कीर्दीत उलटी नोंद करा आणि रक्कम देणे म्हणून दाखवा. न वटलेला चेक उत्पन्नात घेणे चूक आहे. देणे फिटलेले नाही, फक्त कागद फिरला नाही.

बँकेत पाच लाख आहेत, तरी नवे खजिनदार म्हणतात पगाराला पैसे नाहीत. कार्यकारिणीत यावरून खडाजंगी झाली. मी हिशेब लिहिणारी स्वयंसेवक आहे. बरोबर कोण?

बहुधा खजिनदार. पाच लाख बँकेत असणे वेगळे आणि पाच लाख खर्चायला मोकळे असणे वेगळे. समजा त्यातले ३,६०,००० रुग्णवाहिकेसाठी दिलेले आहेत आणि ९०,००० शिष्यवृत्तीसाठी. मग सर्वसाधारण निधी ५०,००० चाच राहतो. महिन्याचा पगार ३५,००० असेल, तर संस्थेकडे दीड महिन्याचीही सोय नाही. रुग्णवाहिकेच्या पैशातून पगार दिला, तर देणगीदाराशी केलेला शब्द मोडतो. शिवाय रुग्णवाहिका घ्यायची वेळ येते तेव्हाच खड्डा दिसतो, आणि तोवर ज्यांनी खर्च केला ते पदावर नसतात.

उपाय हिशेबाच्या रचनेत आहे. प्रत्येक निधीला एक सांकेतिक क्रमांक द्या, समजा सर्वसाधारण १, रुग्णवाहिका २, शिष्यवृत्ती ३. पावती फाडतानाच तो क्रमांक तिच्यावर पडला पाहिजे. महिनाअखेर आठवून लिहायचा म्हटले की सगळे सर्वसाधारणमध्ये जाते. खर्चाच्या व्हाउचरवरही क्रमांक पैसे देण्याआधी लिहायचा, आणि तो मंजुरी देणाऱ्याने लिहायचा, नोंद करणाऱ्याने नव्हे. कोणता पैसा कुठे वापरायचा हा निर्णय कार्यकारिणीचा आहे, तुमचा नाही.

देणगीदाराचे पत्र फायलीत लावण्यापूर्वी त्यात तीन गोष्टींखाली रेघ ओढा : कशासाठी, कधीपर्यंत आणि उरले तर काय करायचे. या तिसऱ्या मुद्द्याकडे कोणी पाहत नाही, आणि भांडण हमखास त्यावरूनच होते. कार्यालयीन खर्चाचा वाटा त्या निधीवर टाकता येतो का, हेही त्याच पत्रावर ठरते. पत्र गप्प असेल तर विचारून लेखी उत्तर घ्या.

दर महिन्याला एकच ताळा : सगळ्या निधींच्या शिल्लकांची बेरीज, आणि दुसरीकडे बँक, रोकड व दिलेल्या उचली मिळवून त्यातून देणी वजा केलेली रक्कम. मालमत्ता आणि कर्ज वेगळे दाखवले असेल, तर या दोन आकड्यांचा मेळ लागलाच पाहिजे. निधीनिहाय तक्ता कार्यकारिणीपुढे ठेवताना एखादी शिल्लक उणे असेल तर ती उणेच दाखवा, शक्य तर लाल शाईत. एकूण बेरजेत ती बुडवणे ही या क्षेत्रातली सर्वांत नेहमीची चूक आहे. अपवादाने एका निधीतून दुसऱ्याला उसने द्यावेच लागले, तर आधी देणगीदाराची परवानगी, मग ठराव, आणि ठरावात परतीची तारीख. तारीख नसली की उसनवारी फिटत नाही.

प्रत्येक निधीला वेगळे बँक खाते हवे का? देणगीदाराची किंवा कायद्याची तशी अट नसेल तर नको. खाती वाढली की जुळवण्या वाढतात, आणि तुमचे तास ठरलेले आहेत.

कार्यकर्ते विश्वासातले आहेत. अध्यक्ष परगावी असतात म्हणून ते पाच-सहा कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवतात. जमलेल्या रोख देणगीतूनच कार्यक्रमाचा खर्च भागतो. मी सुधारणा सुचवल्या की ‘आमच्यावर संशय?’ असे विचारतात. काय सांगू?

सांगा, की या सुधारणा तुम्हालाच सांभाळतात. पैसे गेले तर किल्ली ज्याच्याकडे त्याच्यावर आळ येतो, त्याने घेतलेले असोत वा नसोत. दोन माणसांनी रोकड मोजून दोघांनी सही केली, की दोघेही सुटले.

सही केलेला कोरा चेक म्हणजे दोन सह्यांचा नियम कागदावर ठेवून प्रत्यक्षात मोडणे. अध्यक्ष लांब असतील तर सहीचा अधिकार आणखी एका सदस्याला द्या, किंवा बँकेच्या ऑनलाइन सोयीत एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा अशी रचना घ्या. दोघांचे पासवर्ड एकाच वहीत लिहिलेले सापडतात, तेवढे तपासा.

रोख देणगी पूर्णच्या पूर्ण बँकेत गेली पाहिजे. जमेतून परस्पर खर्च केला, की उरलेलीच रक्कम भरली जाते, आणि पावत्यांची बेरीज बँकेतल्या भरण्याशी कधीच जुळत नाही. लहान खर्चासाठी ठरावीक रकमेची किरकोळ रोकड वेगळी ठेवा, समजा ५,००० ची. कोणत्याही क्षणी डबा उघडला तर व्हाउचर अधिक रोकड मिळून ५,०००च भरले पाहिजेत. संपत आले की व्हाउचर दाखवून तेवढ्याच रकमेचा चेक काढायचा. मधूनच, न सांगता, मोजायचे.

माणसे तीन असतील तर एकाने पैसे घ्यावेत, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने बँकेशी जुळवावे. दोनच असतील, तर निदान बँकेचे स्टेटमेंट लिहिणाऱ्याच्या हातून न जाता थेट अध्यक्षांकडे जाऊ द्या. तुम्ही स्वतः लिहिणारे असाल, तर रोकड आणि सही या दोहोंपासून लांब राहा. या बाबतीत नाही म्हणायला अवघडू नका.

स्वयंसेवकांच्या तासांची किंमत लावून ती हिशेबात दाखवता येते का?

देशोदेशीचे निकष वेगळे आहेत. अमेरिकेच्या लेखामानकात, काम विशेष कौशल्याचे असेल, ते कौशल्य असणाऱ्याच माणसाने केले असेल आणि एरवी ते विकत घ्यावेच लागले असते, तर ते दाखवतात. ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्था सर्वसाधारण स्वयंसेवकांचा वेळ हिशेबात घेत नाहीत, वार्षिक अहवालात त्याचे वर्णन करतात. जिथे घ्यायचा असतो तिथे तीच रक्कम उत्पन्नात आणि खर्चात दोन्हीकडे पडते, त्यामुळे शिल्लक बदलत नाही. तासांची हजेरी मात्र सगळ्यांनीच ठेवावी. अनुदानाचा अर्ज भरताना ती मागतात.

याचा करिअरला खरोखर उपयोग होतो, की नुसते समाधान?

काय निवडता त्यावर आहे. रोजच्या नोकरीत जे मिळत नाही ते इथे मिळवा. ऑडिटमधल्या माणसापुढे तयार हिशेब येतात. त्याने व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत एक पूर्ण वर्ष स्वतः बांधून पाहावे. कंपनीत फक्त देयके बघणाऱ्याने अंदाजपत्रक घ्यावे. आणि प्रत्येकाने एकदा तरी, ज्यांना नावे-जमा कळत नाही अशा दहा लोकांपुढे पंधरा मिनिटांत आर्थिक स्थिती मांडावी. ‘तरतूद’, ‘घसारा’ हे शब्द न वापरता ती मांडता आली, तर पुढे कुठल्याही संचालक मंडळापुढे अडत नाही. नोकरीत ही संधी यायला बरीच वर्षे लागतात.

बायोडेटात ‘सामाजिक कार्याची आवड’ लिहू नका, ते सगळेच लिहितात. किती निधी, महिन्याला किती व्यवहार, किती महिन्यांचा थकलेला मेळ किती काळात लावला, ते आकड्यांत लिहा. संस्थेचे नाव आणि खासगी आकडे घालताना त्यांची परवानगी घ्या, कारण गोपनीयतेचा नियम फुकटच्या कामालाही लागू आहे.

व्यावसायिक संस्था सदस्यांकडून सातत्यपूर्ण शिक्षणाचे तास मागतात, अनेक ठिकाणी तीन वर्षांत १२०. निव्वळ सेवा त्यात आपोआप धरली जात नाही. त्या निमित्ताने नवे काही शिकलात, तर ते बसते का हे तुमच्या संस्थेच्या नियमांत पाहा.

निवृत्त लेखापाल आहे. आम्ही चौघे मिळून गरजू लोकांना करविवरणपत्र भरून देणार आहोत. कोणती काळजी घ्यावी?

कोणत्या प्रकारचे विवरणपत्र घेणार नाही, याची यादी पहिल्या दिवशी दारावर लावा. धंद्याचे उत्पन्न, परदेशी मालमत्ता, वादात असलेले वर्ष, अशी. समोर गरजू माणूस बसला की ‘बघू या’ म्हणण्याचा मोह होतो, आणि चुका तिथेच होतात. अमेरिकेच्या करखात्याच्या ‘व्हिटा’ या स्वयंसेवी कार्यक्रमाची घडी उचलण्याजोगी आहे : स्वयंसेवकाची चाचणी, ठरावीक प्रश्नावली भरून मुलाखत, आणि प्रत्येक विवरणपत्राची दुसऱ्या माणसाकडून तपासणी. चौघे आहात, तर दोघांनी भरावे, दोघांनी तपासावे आणि दुपारनंतर अदलाबदल करावी.

कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका. पासवर्ड ज्याचा त्यानेच टाकावा. भरलेले आकडे त्याला वाचून दाखवून मगच त्याची संमती घ्या, कारण विवरणपत्र त्याचे आहे, तुमचे नाही.

तीन वर्षे खजिनदारी केली, आता बदलीमुळे सोडतो आहे. नीट कसे सुपूर्द करावे?

शक्य असेल तर वर्षाचे हिशेब बंद झाल्यावर सोडा. मध्येच सोडावे लागले, तर महिन्याच्या शेवटच्या तारखेला रेघ मारा. त्या दिवशी नव्या माणसासमोर रोकड मोजा, त्या तारखेपर्यंतची बँक जुळवणी छापा आणि दोन्हीवर दोघांनी सह्या करा. वापरलेली आणि कोरी पावती पुस्तके व चेकबुके क्रमांकांसह, उघडे मुद्दे (न सापडलेला फरक, यायच्या देणग्या, फिटायच्या उचली) एका पानावर, आणि वर्षातल्या ठरावीक तारखांची यादी, एवढे द्या. सॉफ्टवेअरचे मुख्य खाते तुमच्या खासगी ई-मेलवर उघडलेले असेल तर ते संस्थेच्या पत्त्यावर वळवा. याचा विसर पडला, तर दोन वर्षांनी पासवर्डसाठी तुम्हालाच फोन येतो.

बँकेतली सही काढण्याचा अर्ज दिल्यावर काम झाले असे समजू नका. ठरावाची प्रत जोडलेली नाही म्हणून असे अर्ज पडून राहतात. तुमचे नाव काढल्याचे बँकेचे लेखी उत्तर मागा आणि त्याची प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा.